"बाहेरचं खाऊ नकोस हो!" हा उपदेश आता पुरे



आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी हल्ली परदेशात असतं. निघताना बॅगेत लाडू, मेतकूट, भाजणी भरतात आणि वर उपदेश करतात, "तिथलं रस्त्यावरचं काही खाऊ नकोस हो!" लाडूंबद्दल माझी तक्रार नाही. उपदेश मात्र चुकीचा आहे, आणि आपल्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही.

बँकेच्या नोकरीत माझी तीन वर्षं मॉरिशसला, पोर्ट लुईत गेली. तिथे आलेल्या आपल्या काही मंडळींकडे तूरडाळसुद्धा भारतातून यायची. गाडीवर उभं राहून खाणं म्हणजे त्यांच्या लेखी कमीपणा. मी पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या शिपायाबरोबर 'धोल पुरी' खायला गेलो. पातळ मऊ पोळी, आत शिजवून वाटलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ, हळद, जिरं. म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त गूळ नाही! नेहमी जोडीनं देतात. त्यात मोठ्या पांढऱ्या घेवड्याचा रस्सा, टोमॅटोची भाजी, लोणचं, मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळतात. सकाळी डाळीचे तिखट वडे पावात घालून खातात. वडापाव आपलाच, असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा खाऊन बघावेत. वर दूध, सब्जा घातलेला गार 'आलुदा'. फालुद्याचाच भाऊ.

हे सगळं तिथे आलं कुठून? 1834 पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांच्या चुलीवरून. त्यात बिहारकडचे लोक होते, तसे आपले कोकणातलेही होते. त्यांच्या वंशजांना तिथे आजही मराठीच म्हणतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आणि आमचे साहेबलोक त्यांना हसायचे, "यांना धड मराठी बोलता येत नाही, क्रिओल बोलतात!" पुण्याचा पाहुणा दांडिया बाजारात येऊन "तुमचं मराठी गुजराती झालंय" म्हणतो, तेव्हा आपल्याला कसं लागतं? मग तेच आपण दुसऱ्याला का करावं?

"पण स्वच्छता?" हा प्रश्न येणारच. मी कॉमर्सचा माणूस, हिशेबानं सांगतो. ज्याच्या मालाची उलाढाल जलद, त्याचा माल ताजा. रांग असलेल्या गाडीवर, गरम तव्यावरून समोर उतरणारं खा. कापून उघडी ठेवलेली फळं, संशय येणारं पाणी टाळा. शाकाहारी असाल तर विचारा. विचारलं की लोक सांगतात. फ्रीजमधल्या चार दिवसांच्या आमटीपेक्षा हे वाईट कसं?

खरं नुकसान वेगळंच आहे. जी मंडळी घरचाच डबा धरून बसली, त्यांना तीन वर्षांत एकही स्थानिक मित्र मिळाला नाही. रविवारी एकमेकांच्या घरी जमायचं आणि "इथे करमत नाही" म्हणत बसायचं. करमणार कसं? मला क्रिओलचे पहिले शब्द गाडीवाल्यानंच शिकवले, मुलाच्या तापाला चांगला डॉक्टरही त्यानंच सांगितला.

आता आपल्याच शहराकडे बघा. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आपण इथे आलो, तेव्हा आपणही नवखेच होतो. आज बडोद्याची ओळख म्हणजे सेव उसळ. 'उसळ' हा शब्द कुणाचा? इथल्या लोकांनी वाटाण्याच्या उसळीवर शेव घातली, तर्री ओतली आणि ती आपली मानून रस्त्यावर विकली. "परक्यांचं नको" असं ते म्हणाले असते तर?

तेव्हा पोरांना लाडू द्या, जरूर द्या. पण दोन जास्त द्या, शेजाऱ्याला वाटायला. आणि सांगा, "पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच गाडीवर जा, काय खाल्लंस ते फोनवर कळव."