हा जॅक कोण?



गेल्या मे महिन्यात कोरगावातील एका घरी ओसरीवर बसलो होतो. समोर कापा फणस फोडलेला. घरच्या बाई हातांना खोबरेल चोपडून गरे काढीत होत्या. त्यांच्या शाळकरी मुलाने विचारले, "फादर, इंग्रजीत ह्याला जॅकफ्रूट म्हणतात, मग हा जॅक कोण?"

मी विचार न करता बोलून गेलो, "असेल कोणी साहेब. त्याने प्रथम शोधून काढला असेल."

मुलाने परसाकडे पाहिले. "पण हे झाड तर आमच्या पणज्यानं लावलंय!"

मी निरुत्तर झालो, आणि घरी येताच ग्रंथ चाळू लागलो. माझ्यासारखी चूक विद्वानांच्या हातूनही झालेली आहे. विल्यम जॅक नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाशी ह्या फळाचे नाव जोडले गेले होते. परंतु तो जन्मला १७९५ साली. आणि सिंहलद्वीपात बंदिवास भोगून परतलेल्या रॉबर्ट नॉक्सच्या १६८१ सालच्या पुस्तकात 'जॅक' हे फळ आलेले आहे. नातवाच्या नावावरून आजोबांचे बारसे कसे व्हावे?

खरा उगम मलबारात आहे. मल्याळी भाषेत फणसाला 'चक्क' म्हणतात. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोचले. गोवा त्यांनी घेतला तो १५१० साली. साहजिकच मलबारी नाव त्यांच्या जिभेवर आधी बसले आणि 'चक्क'चे 'जाका' झाले. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात मलबारचे 'जाका' व कानडी-गुजरातीतले 'पणस' अशी दोन्ही नावे नोंदविली आहेत. आपला 'फणस' संस्कृत 'पनसा'चा वंशज. तो घरीच राहिला. 'जाका' मात्र गलबतावर चढला. ब्राझिलात आजही फणसाला तेच नाव आहे. इंग्रजांनी त्याचा 'जॅक' केला आणि पुढे त्याला 'फ्रूट' जोडले गेले. म्हणजे अर्थ पाहू गेल्यास 'फणसफळ'!

शास्त्रीय नावातही असाच जोडशब्द आहे : आर्टोकार्पस. ग्रीक 'आर्तोस' म्हणजे भाकर, 'कार्पोस' म्हणजे फळ. पावसाळ्यात भिकणां उकडून पोट भरलेल्यांस हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

परवा पुन्हा त्या घरी गेलो व मुलापाशी चूक कबूल केली. त्याने सर्व ऐकून घेतले, मग म्हणाला, "म्हणजे साहेब कोणी नव्हताच?"

"नव्हता," मी म्हणालो.


त्याने ते आईला ओरडून सांगितले.