दार उघडे, पत्ता मात्र सापडेना

श्रावण लागला की मुंबई-पुण्यातील कित्येक घरांत महिनाभर बाटली बंद होते. गटारी अमावास्येला हात धुऊन घेतलेला गृहस्थ पुढे महिनाभर थेंबालाही शिवत नाही आणि 'मनात आणले तर मी केव्हाही सोडू शकतो' हे घरच्यांना पटवून देतो. भाद्रपदात तो पुन्हा मूळ पदावर येतो. ज्याचे शरीरच दारूवर विसंबले आहे, त्याला तर हा श्रावणही झेपत नाही. दारू एकाएकी तोडल्यास दोन-तीन दिवसांत कंप, फिट, भ्रम उद्भवतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणूनच पहिले पाऊल डॉक्टरकडे टाकावे लागते. पहिला आठवडा औषधांवर निभावतो. खरा प्रश्न त्यानंतरच्या रिकाम्या संध्याकाळींचा असतो.

त्याचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी सापडले. शेअर बाजारात वावरलेला बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे दोघेही दारूने पोखरलेले. एक व्यसनी दुसऱ्याशी बोलत बसला तर दोघेही निदान त्या दिवसापुरते कोरडे राहतात, या अनुभवातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. १९५७ पासून ती भारतातही आहे. तेथे शुल्क नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट. खर्च सभासद आपसांत भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. भाबड्या भजनी मंडळासारखा वाटणारा हा प्रकार परिणामकारक आहे काय, या शंकेला २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने बऱ्यापैकी उत्तर दिले. २७ अभ्यासांच्या या आढाव्यानुसार, दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत या मार्गाकडे वळवणारे पद्धतशीर उपचार अन्य प्रचलित उपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरसही ठरतात.

तरीही माणसे तेथवर पोचत नाहीत. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे पावणेसहा कोटी लोक दारूच्या समस्येने ग्रस्त आहेत. दारूवर पूर्णतः विसंबलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्याही स्वरूपाची मदत मिळते.

याचे एक कारण चळवळीच्या स्वभावातच आहे. जे अनामिकत्व सभासदाची अब्रू राखते, तेच नवख्यापासून दार लपवते. जाहिरात करायची नाही, हा तर तिचा लिखित संकेतच. चर्चच्या सभागृहात किंवा शाळेच्या वर्गात संध्याकाळी तास-दीड तास मीटिंग भरते आणि पांगते. आता इंटरनेटवर वार, वेळ आणि ठिकाण कळते, दूरध्वनीही लागतो. पण यादीतील 'खुली' आणि 'बंद' या शब्दांचा अर्थ नवख्याने कसा जाणावा? खुल्या मीटिंगला पत्नी, विद्यार्थी, डॉक्टर कोणीही बसू शकते. बंद मीटिंग फक्त ज्याला दारूची समस्या आहे त्याच्यासाठी. नवऱ्याला कसेबसे दारापर्यंत आणणारी पत्नी नेमकी बंद मीटिंगला गेली, तर तिला बाहेर थांबावे लागते आणि नवऱ्याला परतायला निमित्त मिळते. नातेवाइकांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हे स्वतंत्र गट आहेत, हे तिला कोणी सांगितलेले नसते. भाषेचेही तसेच. मराठी बोलणाऱ्याने पहिल्याच दिवशी इंग्रजी गटात जाऊन बसावे, तर दुसरा दिवस उजाडत नाही. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या स्त्रीने आपली कहाणी सांगणे त्याहून अवघड. पुण्यातील 'मुक्तांगण'ने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो उगीच नव्हे.

मग पत्ता सांगायचा कोणी? चळवळ स्वतःचा डंका पिटणार नाही, हे गृहीत धरले तर हे काम रुग्णालयांकडे येते. अपघात विभागात पाय मोडून आलेला, यकृत सुजून दाखल झालेला, सलाइनवर थरथरणारा रुग्ण डॉक्टरांसमोरच असतो. घरी सोडताना त्याच्या कार्डावर 'दारू वर्ज्य' असे लिहिले जाते. फार तर एखादा क्रमांक हातात ठेवला जातो. एवढ्याने भागत नाही. १९८१ साली अमेरिकेत वीस जणांवर झालेला एक छोटा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. निम्म्यांना मीटिंगची माहिती देऊन जाण्याचा सल्ला दिला गेला. उरलेल्यांसमोर समुपदेशकाने थेट एका जुन्या सभासदाला फोन लावला आणि त्याने सोबत येण्याची तयारी दाखवली. पहिल्या गटातील एकही जण गेला नाही, दुसऱ्यातील सगळे गेले. प्रयोग लहान होता, हे खरे. पण तो करून पाहायला खर्च तरी कितीसा?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल असा अंदाज देण्यात आला. त्या मानाने येथील मागणी अगदीच किरकोळ आहे. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात परिसरातील मीटिंगांची भाषा, वेळ आणि 'खुली की बंद' हे सांगणारा अद्ययावत कागद असावा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांक त्यावर ठळक असावा. आणि रुग्ण घरी जाण्यापूर्वी, त्याची संमती असल्यास, जुन्या सभासदाला वॉर्डात येऊन त्याच्या खाटेशी अर्धा तास बसू द्यावे. असे सभासद बोलावले तर येतात, मोबदलाही मागत नाहीत. त्यांना लागते ती फक्त रुग्णालयाची परवानगी.