ग्रँड ज्युरी कोणाची?

ज्युरी म्हटले की आपल्याला नानावटी खटला आठवतो. पण ती आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणारी ज्युरी. अमेरिकेतील ग्रँड ज्युरीचे काम त्याआधीचे : खटला भरण्याइतपत पुरावा आहे का, एवढेच ती बघते. १७९१च्या पाचव्या घटनादुरुस्तीने गंभीर केंद्रीय गुन्ह्यांत तिची संमती आवश्यक ठरवली. सोळा ते तेवीस नागरिक बंद दाराआड बसतात आणि बारा जणांनी होकार दिला की आरोपपत्र निघते. तिथे ना न्यायाधीश असतो, ना आरोपीचा वकील. साक्षीला कोणाला बोलवायचे आणि कायदा कसा समजावून सांगायचा, हे सरकारी वकीलच ठरवतो. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाताशी असला, तरी तो मांडण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. सरकारी अधिकाऱ्यांच्या मनमानीला लगाम घालण्यासाठी नेमलेली ही ज्युरी माहितीसाठी मात्र त्यांच्यावरच अवलंबून आहे.

२०१४मध्ये फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन या तरुणावर गोळ्या झाडणारा पोलिस अधिकारी ग्रँड ज्युरीपुढे स्वतः काही तास बोलला. सरकारी वकिलाने उपलब्ध सगळा पुरावा पुढे ठेवला, आरोप ठेवाच असा आग्रह धरला नाही, आणि आरोपपत्र निघाले नाही. तो निर्णय योग्य असेलही; पण ही मोकळीक सामान्य आरोपीच्या वाट्याला क्वचितच येते. म्हणजे दोष नागरिकांच्या समजुतीत नाही, त्यांच्यापुढे काय ठेवायचे हे एकाच्याच मर्जीवर सोपवण्यात आहे.

मग इंग्लंडने १९३३मध्ये केले तसे ही पद्धत मोडीतच का काढू नये? कारण २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या ग्रँड ज्युरींनी केंद्रीय वकिलांचे गंभीर आरोप अनेकदा फेटाळले. नागरिकांनी मनात आणले तर ते नाही म्हणू शकतात. दुसरा आक्षेप असा की दोन्ही बाजू ऐकल्या तर खटल्याआधीच खटला उभा राहील. पण आरोपीच्या बाजूचा ठोस पुरावा दाखवा, अशी सूचना अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच नियमावलीत आहे. न्यूयॉर्कमध्ये आरोपीला साक्ष देता येते. हवाईत ग्रँड ज्युरीला सल्ला द्यायला स्वतंत्र वकील असतो. गोपनीयताही त्याने बिघडत नाही. तेव्हा ती सूचना कायदा व्हावी आणि हवाईसारखा सल्लागार सगळीकडे मिळावा. एकच बाजू ऐकून दिलेल्या होकाराला नागरिकांची संमती म्हणता येत नाही.