भावंडांचीं नांवें आणि दोन परभाषा

बारसें हा आपल्याकडे आनंदाचा सोहळा खरा. पण पाळण्याभोंवतीं जमलेल्या मंडळींत नांवावरून जितका खल होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या गोष्टीवरून होत असेल. आत्यानें एकदां कानांत नांव सांगितलें, कीं तें त्या मुलाचें जन्माचें झालें. कपडे लहान होतात, पुस्तकें जुनीं होतात, घरें बदलतात. नांव मात्र शाळेच्या दाखल्यापासून अखेरच्या कागदापर्यंत सोबत येतें. म्हणून तें ठेवतांना मोठ्यांनीं विचार करावा, हें निराळें सांगणें नको. परंतु हल्लीं या विचारांत एक नवी अडचण उत्पन्न झाली आहे, व तिजविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चामटोली, बदलापूर, अंबरनाथ या आमच्या पंचक्रोशींतील तरुण पूर्वीं नोकरीसाठीं मुंबईची लोकल धरीत. आतांही धरतात, पण त्यांपैकीं कांहीं जण विमान धरून जर्मनीसही जाऊं लागले आहेत. मुंबई व श्टुटगार्ट यांचें भगिनीशहरांचें नातें १९६८ पासूनचें आहे. आणि ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची श्टुटगार्ट ही राजधानी, त्याच राज्याशीं महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. ही तरुण मंडळी तिकडे संसार थाटतात, तेथें मुलें जन्मास येतात, आणि मग इकडचे आजीआजोबा आम्हां शिक्षकांस विचारतात कीं, नातवाचें नांव काय ठेवावें? बाळाची शाळा जर्मन, बापाची कचेरी इंग्रजी आणि आजीचें घर मराठी. अशा तिहेरी संसारांत एकच नांव तिन्ही ठिकाणीं चालावें कसें?

पहिल्या अपत्याच्या वेळीं हा प्रश्न बहुधा ध्यानांत येत नाहीं. तें शाळेंत जाऊं लागलें व बाईंनीं त्याला भलत्याच नांवानें हाक मारली, म्हणजे डोळे उघडतात. आणि मग दुसऱ्याच्या वेळीं आईबाप घाबरून दुसऱ्या टोकास जातात. पहिला 'वेदांत' असतो, तर दुसरा एकदम 'लुकास' होतो. आमच्या मतें खरी गोम येथेंच आहे, व तिजकडे आम्ही पुढें येऊंच.

अडचण नेमकी कोठें आहे, हें प्रथम पाहूं. इंग्रजी व जर्मन या दोन्ही भाषा रोमन लिपींतच लिहिल्या जातात, परंतु कित्येक अक्षरांना दोहोंकडे निरनिराळे ध्वनि दिलेले आहेत. 'जे' हें अक्षर इंग्रजींत ज दाखवितें, जर्मनांत तेंच य दाखवितें. म्हणून आमची जया तिकडे 'याया' व्हावयाची. जर्मन शब्दांच्या आरंभीं 'व्ही'चा उच्चार बहुधा फ असा होतो. तेव्हां एखाद्या अनोळखी शिक्षकानें वेदांताचा 'फेदांत' केला तर त्यांत त्याचा दुष्टावा नाहीं. स्वरापूर्वींचा 'एस' तेथें झ सारखा ऐकूं येतो, म्हणून सोनलची 'झोनाल' होते. उलट 'डब्ल्यू' हें अक्षर जर्मनांत चोख व असें वाचतात. डॉ. इरावती कर्वे यांनीं १९३० सालीं बर्लिन येथें डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांच्या इंग्रजी ग्रंथांवर त्यांचें नांव डब्ल्यूनें छापलेलें आहे; तसें लिहिलेलें नांव बर्लिनकरास जवळजवळ आमच्याइतकेंच शुद्ध वाचतां येतें.

कांहीं नांवें उच्चारास सोपीं, पण लेखनास अवघड असतात. 'नील' हें नांव घ्या. दोन 'ई' घालून लिहिलें तर इंग्रज तें बरोबर वाचील, पण जर्मन मनुष्य 'नेल' म्हणेल. एक 'आय' घालून लिहिलें तर जर्मन बरोबर वाचील. मात्र त्याच्या डोळ्यांपुढें मिसर देशांतील मोठी नदी उभी राहील, कारण जर्मनांत नाईलला नीलच म्हणतात. आणि इंग्रजाला त्याच अक्षरांत शून्य दिसेल! अर्थाच्या बाबतींतही असेंच आहे. इंग्रजींत 'गिफ्ट' म्हणजे देणगी, जर्मनांत 'गिफ्ट' म्हणजे विष. यावरून एका परभाषेंत शोभणारें नांव दुसरींत शोभेलच असें नाहीं, हें उघड आहे. तें दोन्हीकडच्या माणसांकडून मोठ्यानें वाचवून घेतलें पाहिजे.

परंतु हा प्रश्न महाराष्ट्रास अगदींच नवा आहे असें मात्र नाहीं. आमच्या कोंकणकिनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांनीं आपलीं हिब्रू नांवें मराठी तोंडाला रुचतील अशीं घडविलीं होतीं. १७९६ सालीं मुंबईंतील पहिलें सिनेगॉग ज्यांनीं उभारलें, ते शमुवेल यहेज्केल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर या नांवानेंही ओळखले जात. शमुवेलाचा सामाजी झाला म्हणून त्यांचा धर्म गेला नाहीं, आणि शेजाऱ्यांस हाक मारण्याची पंचाईतही पडली नाहीं.

आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरांतून तर ही कसरत नित्याचीच आहे. व तींत एक मौजेची गोष्ट दिसून येते. आमच्या मराठी पवित्र शास्त्रांतील नांवें इंग्रजी वळणाचीं नाहींत. तीं बव्हंशीं हिब्रू व ग्रीक रूपांस धरून आहेत. जर्मन भाषेनेंही पुष्कळ ठिकाणीं तेंच केलें. म्हणून इंग्रजांचा जॉन तो आमचा योहान आणि जर्मनांचाही योहान अथवा योहान्नेस. इंग्रजांचा पॉल तो आमचा पौल आणि जर्मनांचा पाउल. इंग्रजांचा डॅनियल तो आमचा दानीएल आणि जर्मनांचाही दानिएल. मराठी उपासनेंत वाढलेलें मूल जर्मन वर्गांत जाऊन बसलें, तर तेथील हजेरींतील कित्येक नांवें त्याला घरचींच वाटतील.

असें असूनही आमच्या वाडवडिलांनीं, परकें नांव घेतल्याखेरीज नवें जीवन लाभत नाहीं, असें मानिलें नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. ते नारायणच राहिले. त्यांच्या पत्नीचा १९०० सालीं झाला. त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. त्यांच्या चिरंजीवांचें नांव देवदत्त. आणि 'देवानें दिलेला' हाच अर्थ थिओडोर या मूळच्या ग्रीक नांवाचा आहे, जें इंग्रज व जर्मन दोघेही आपल्या मुलांस ठेवीत आले आहेत. अर्थ सर्वांचा, ध्वनि मात्र आपला! पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्या वेळीं मेरी हें नांव जोडलें गेलें. परंतु जगानें त्यांस रमाबाई व मनोरमा म्हणूनच ओळखलें. या मायलेकींच्या नांवांकडे नीट पाहा. आईचें नांव लेकीच्या नांवांत सामावलेलें आहे. एका घरांतील नांवांचें नातें असें सहज जुळावें.

आतां भावंडांकडे वळूं. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता या चार भावंडांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत? त्यांत यमक नाहीं, आद्याक्षरही एक नाहीं. तरी चौघांस ओळीनें हाक मारली, तर एका वाटेवरचे चार टप्पे सांगितल्यासारखें वाटतें. प्रत्येकाचें नांव त्याचें स्वतःचें, आणि तरीही चौघे एका घरचे! याउलट रमेश व सुरेश हें यमक गोड खरें, पण शाळेच्या कागदांवर घोटाळा करणारें. परक्या कानाला तर दोन्ही एकच. त्याहून वाईट मात्र आम्हीं वर सांगितलेला प्रकार, म्हणजे एका भावाचें नांव इकडचें व दुसऱ्याचें तिकडचें. थोरल्या वेदांतास हळूहळू कळतें कीं, आपलें नांव घरच्यांना अडचणीचें वाटलें म्हणून धाकट्याचें निराळें ठेवलें. धाकट्या लुकासास सुटींत चामटोलीस आल्यावर कळतें कीं, दादाचें नांव आजीच्या तोंडीं जसें बसलें आहे, तसें आपलें बसलेलें नाहीं. एकास तिकडे परकेपणा, दुसऱ्यास इकडे. आणि आईबापांच्या मनांत नसतांही दोघां भावांमध्यें एक लहानशी भिंत उभी राहते. लुकास हें नांव वाईट असें आमचें म्हणणें नव्हे. तें लूक शुभवर्तमानकाराचेंच आहे. एखाद्या घरीं लूक व दानीएल असे दोघे भाऊ असले, तर तें घर सुसंगतच म्हणावें. आमचें सांगणें इतकेंच कीं, अडचण सोसावयाची तर भावंडांनीं सारखी सोसावी, आणि सोय पाहावयाची तर ती सर्वांची सारखी पाहावी.

कोणी म्हणतील, परकीयांच्या जिभेसाठीं आम्हीं आमचीं नांवें कां निवडावीं? त्यांनीं उच्चार शिकावा! या म्हणण्यांत तेज आहे व पुष्कळ सत्यही आहे. जर्मनींत एका मुलीचें 'किरण' हें नांव नोंदणी कचेरीनें नाकारलें होतें; कारण त्यावरून ती मुलगी आहे कीं मुलगा, हें तेथील लोकांस कळेना. तें प्रकरण तेथील घटना-न्यायालयापर्यंत गेलें, व २००८ सालीं न्यायालयानें आईबापांच्या बाजूनें निर्णय दिला. आपलें नांव आपल्या हक्कानें परदेशांत नांदूं शकतें, हें यावरून सिद्ध झालें. तेव्हां आपलें नांव टाकून द्या, असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. परंतु हक्क निराळा आणि रोजचें सुख निराळें. पांच वर्षांचें लेंकरूं दिवसांतून वीस वेळां आपलें नांव दुरुस्त करीत बसत नाहीं. तें थकतें, आणि अखेर चुकीच्याच नांवास मुकाट्यानें 'ओ' देऊं लागतें. हें टाळतां येण्यासारखें असेल तर कां टाळूं नये?

आणि तें टाळण्यासाठीं मराठी सोडण्याचें कारण नाहीं. तारा, मीरा, अनिता, नीना, अमित, अरुण, किरण हीं नांवें इंग्रजास जड नाहींत व जर्मनासही नाहींत. माया हें नांव तर जर्मन मुलांच्या फार ओळखीचें. कारण वाल्डेमार बोन्झेल्स यांच्या १९१२ सालच्या पुस्तकांतील माया नांवाची मधमाशी ही त्यांची जुनी मैत्रीण आहे. ते तिचें नांव 'जे' अक्षर घालून लिहितात, एवढाच काय तो फरक. एका घरांत माया व अरुण, दुसऱ्या घरांत मीरा व अमित अशीं भावंडें वाढलीं, तर तीं श्टुटगार्टच्या वर्गांत व बदलापूरच्या अंगणांत सारख्याच सहजपणें हाकेस धांवतील.

नांव ठरविण्यापूर्वीं त्याच्या तीन परीक्षा घ्याव्या, अशी आमची सूचना आहे. पहिली आजीची: तिनें तें परसांतून मोठ्यानें हाकारून पाहावें. तिची जीभ अडखळली तर तें नांव बाजूस ठेवावें. दुसरी मैदानाची: दोन्ही परभाषा जाणणाऱ्या माणसाकडून नुसतें कागदावरचें नांव वाचवून घ्यावें, व त्याचा कांहीं भलता अर्थ होत नाहीं ना, हें विचारावें. तिसरी दप्तराची: रोमन लिपींतील एकच लेखन ठरवून तें सर्व कागदांवर तसेंच ठेवावें. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. तिकडील साध्या अर्जांत स्वतःचें नांव व कुलनाम असे दोनच मुख्य रकाने असतात. आमच्या रीतीप्रमाणें मध्यें घातलेलें वडिलांचें नांव तेथें मुलाचेंच दुसरें नांव समजलें जातें, आणि मुलीच्या नांवासही पुरुषाचें नांव चिकटतें. म्हणून तें कोठें लिहावें व कोठें गाळावें, हें पहिल्या अपत्याच्या वेळींच ठरवावें. नाहींतर सख्ख्या भावंडांचे कागद दोन तऱ्हांचे होतात. या तिन्ही परीक्षांत जीं नांवें उतरतील, तीं शेवटीं एकत्र, थोरल्याच्या नांवास जोडून म्हणून पाहावीं.

हें झालें आईबापांसाठीं. आतां आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची येथली वसाहत प्रथम कल्याण कँप म्हणून ओळखली जाई. १९४९ सालीं जवळच्या उल्हास नदीवरून तिचें उल्हासनगर असें नामकरण झालें. नदीचें जुनें नांव आणि नवी वस्ती यांची गांठ अशी पडली, आणि सिंधी व मराठी दोघेही तें नांव आपलेंच म्हणून उच्चारूं लागले. त्या गांवांतील, तसेंच तमिळ, मल्याळी व उत्तर हिंदुस्थानी घरांतील मुलें आज तुमच्या शेजारीं बांकावर बसतात. त्यांचीं नांवें तुम्ही शुद्ध उच्चारतां काय? कीं आपल्या सोयीसाठीं तोडून, मोडून, चेष्टेचें एखादें नांव लावून मोकळे होतां? परदेशांतील बाईंनीं आमच्या वेदांतास वेदांत म्हणावें अशी ज्यांची अपेक्षा, त्यांनीं आधीं आपल्या वर्गांतील प्रत्येकाचें नांव त्याच्या आईनें ठेवलें तसें म्हणावयास शिकलें पाहिजे. हें शिकण्यास परदेशीं जावें लागत नाहीं. उद्यां सकाळीं हजेरीच्या वेळीं आरंभ करतां येईल.