शिवीऐवजी शब्द

जून महिना आला की औरंगपुऱ्यात पाऊल ठेवायला जागा नसते, हो की नाही? गुलमंडीकडून या नाही तर पैठण गेटकडून, वह्या, पुस्तकं, कव्हरं आणि कंपासपेट्या घ्यायला सगळी शाळकरी दुनिया इथे लोटते. स. भु.च्या मुलांचा तर हा रोजचा रस्ता! इथे गाईड मिळतं, शब्दकोश मिळतो, गोष्टीची पुस्तकंही मिळतात. पण काही पुस्तकं अशी असतात, की ती दुकानाच्या दर्शनी भागात सहसा दिसत नाहीत. ती नाव सांगून मागावी लागतात. या आठवड्यात आपण त्यांचीच ओळख करून घेऊ.

विषय जरा वेगळा आहे बरं का. लाजायचं कारण नाही, आणि खुसूखुसू हसायचंही नाही.

तुमच्या वर्गात एखादा मुलगा असेल. आवाज बारीक, क्रिकेटपेक्षा नाचाची आवड जास्त. वर्गाने त्याला एक नाव ठेवलेलं असतं. ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. तो पाणी प्यायला उठला तरी मागून कुणीतरी ते नाव घेतं आणि सगळा वर्ग हसतो. आता मला सांगा, त्या नावाऐवजी वापरता येईल असा एखादा चांगला शब्द तुम्हाला येतो? अडखळलात ना! शिव्या चार-पाच पटापट आठवतात, शब्द मात्र एकही आठवत नाही. आजची पुस्तकं आपल्याला नेमके हे शब्द देतात.

आधी शब्दच शिकू. वयात येताना बहुतेक मुलग्यांना मुली आवडू लागतात, मुलींना मुलगे आवडू लागतात. पण काही मुलग्यांना मुलगेच आवडतात, काही मुलींना मुलीच आवडतात. त्यांना समलिंगी म्हणतात. काही जणांचं शरीर मुलाचं असतं, पण मन सांगत असतं, की मी मुलगी आहे. काहींचं याच्या उलट असतं. त्यांना पारलिंगी म्हणतात. हिजडा समाजातल्या माणसांना आपल्याकडे तृतीयपंथी असंही म्हणतात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आवाजावरून, चालीवरून किंवा कपड्यांवरून कोण काय आहे हे ओळखता येत नाही. तो बारीक आवाजाचा मुलगा समलिंगी असेल किंवा नसेलही. दोन्ही बाबतींत त्याला चिडवणं चूकच!

हा आजार आहे का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं. हा गुन्हा आहे का? तोही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. आणि दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातं हा गुन्हा नाही, हे त्याच न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं. हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे म्हणाल, तर महाभारत उघडा. भीष्मांसमोर उभा राहिलेला शिखंडी आणि विराटाच्या घरी उत्तरेला नाच शिकवणारी बृहन्नडा तुम्हाला तिथेच भेटतील.

चला, आता पुस्तकांकडे.

अगदी छोट्यांसाठी : 'गुठली हॅज विंग्ज'. लेखन आणि चित्रं कनक शशी यांची, प्रकाशक चेन्नईचे तूलिका, साल २०१९. गुठली हे एका गोड मुलीचं नाव. पण सगळे तिला मुलगा म्हणतात! गुठलीला परीची चित्रं काढायला आवडतं, फ्रॉक घालायला आवडतं. घरचे रागावतात आणि हसरी गुठली गप्प होऊन जाते. पुढे काय झालं? ते पुस्तकातच वाचा. मजकूर थोडाच आहे, चित्रं मात्र पुन्हा पुन्हा बघावीत अशी. धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन वाचून दाखवा. ते काय प्रश्न विचारतं बघा. त्याला यात काही विचित्र वाटणार नाही. विचित्र वाटायला आपण मोठे झाल्यावर शिकतो.

चित्रकथावाल्यांसाठी : 'हार्टस्टॉपर'. इंग्लंडच्या ॲलिस ओसमन यांची ही चित्रकथामाला. पाचवा भाग २०२३ साली आला. चार्ली आणि निक एकाच शाळेत शिकतात, वर्गात शेजारी बसतात, त्यांची मैत्री होते आणि हळूहळू ते एकमेकांच्या प्रेमात पडतात. चार्लीला शाळेत खूप त्रास दिला गेलेला असतो. त्याच्या बाजूने उभे राहणारे दोस्त या गोष्टीत फार सुंदर रंगवलेत. इंग्रजी सोपं आहे, चित्रांमुळे भराभर वाचून होतं. आठवी-नववीपासून पुढच्यांनी वाचावं.

मोठ्या गोष्टीची आवड असणाऱ्यांसाठी : 'टॉकिंग ऑफ मुस्कान'. हिमांजली शंकर यांची ही इंग्रजी कादंबरी २०१४ साली डकबिलने काढली. मुस्कान शाळकरी मुलगी आहे. तिला मुली आवडतात. वर्गाला त्याची कुणकुण लागते आणि एक दिवस मुस्कान जीव द्यायचा प्रयत्न करून रुग्णालयात पोहोचते. गोष्ट सांगतात तिच्या वर्गातली तीन मुलं. यातलं कुणी फार दुष्ट नाही. कुणी थोडं हसलं, कुणी तोंड फिरवलं, कुणी नुसतं गप्प बसलं. वाचताना सारखं वाटत राहतं, की या वर्गात आपण असतो तर कुठल्या बाकावर असतो? दहावीच्या आसपासच्यांनी वाचावं, आणि वाचून झाल्यावर कुणाशी तरी बोलावं.

खरी गोष्ट हवी असेल तर : 'मी हिजडा... मी लक्ष्मी!'. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं हे आत्मकथन मराठीतच आहे. शब्दांकन वैशाली रोडे यांचं, मनोविकास प्रकाशनाने ते २०१२ साली प्रसिद्ध केलं. सिग्नलवर टाळी वाजली की आपण गाडीची काच वर करतो. त्या टाळीमागे शाळा असते, नाचाचा वर्ग असतो, आई-वडील असतात, हे या पुस्तकात कळतं. लहान वयात झालेल्या अत्याचारांबद्दलही लक्ष्मी मोकळेपणाने सांगतात. म्हणून अकरावीनंतर, आणि शक्यतो आईबाबांनी आधी वाचल्यावर.

कविता वाचणाऱ्यांसाठी : दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा संग्रह. दिशाताई तृतीयपंथी कवयित्री आहेत. ज्याला सगळे कुरूप म्हणतात, त्याला कवितेतून उत्तर कसं देता येतं ते बघा.

आणि दोन पुस्तकं कॉलेजात गेल्यावर वाचायची. आताच वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. विजय तेंडुलकरांचं नाटक 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. त्यातल्या कॉलेजकन्यका सुमित्राचं मन एका मुलीवर जडतं, आणि तिची गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू. दुसरी, सचिन कुंडलकरांची कादंबरी 'कोबाल्ट ब्लू', मौज प्रकाशन, २००६. घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टवर भाऊ आणि बहीण दोघांचंही प्रेम बसतं. आधी तनय बोलतो, मग अनुजा. तीच माणसं, तेच घर, तरी गोष्ट दोघांची वेगवेगळी! २०२२ साली तिच्यावर चित्रपटही आला.

पाहिलंत? चित्रपुस्तक, चित्रकथा, कादंबरी, आत्मकथन, कविता आणि नाटक, सगळे प्रकार झाले. एक गोष्ट मात्र खटकते. मोठ्यांसाठी मराठीत पुस्तकं आहेत, पण आजच्या यादीत छोट्यांची आणि शाळकरी मुलांची पुस्तकं सगळी इंग्रजीच निघाली. ज्याला वर्गात ते नाव ठेवलंय, त्याला आपल्या भाषेत पुस्तक नको का? तुमच्यापैकी कुणी लेखक होणार असेल, तर हे काम तुमच्यासाठी शिल्लक आहे.

आता आई-बाबांशी दोन शब्द.

अशी पुस्तकं वाचून मूल 'तसं' होईल ही भीती मनात येते. पण राजा-राणीच्या शेकडो गोष्टी ऐकूनही समलिंगी मुलं काही बदलत नाहीत. मग एका पुस्तकाने बाकीची मुलं कशी बदलतील? पुस्तकाने बदलते ती वागणूक. तुमचं मूल चिडवणारं असेल तर थांबेल, आणि चिडवलं जाणारं असेल तर आपण जगात एकटे नाही हे त्याला कळेल.

तुम्हाला स्वतःला वाचायचं असेल तर पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं पाहा. त्यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मुद्दाम मराठीतून लिहिलं. 'इंद्रधनू'मध्ये शास्त्र, कायदा, समाज यांची माहिती आहे. 'मनाचिये गुंती'त तर आई-वडील आणि इतर नातेवाईकच बोलतात. मुलाने खरं सांगितलं त्या दिवशी आपलं काय झालं, आणि मग आपण कसे सावरलो, हे ते सांगतात. आपलं मूल काही सांगेल तेव्हा वाचू, असं म्हणू नका. वाचलेल्या घरातच मूल सांगायचं धाडस करतं.

दोस्तांनो, दुकानात पुस्तक मागताना अवघडल्यासारखं वाटलं, तर नाव आणि प्रकाशक चिठ्ठीवर लिहून न्या. दुकानदार मागवून देतात. शाळेच्या नाही तर गावातल्या वाचनालयात मागणीच्या वहीत नाव लिहा. दोघा-तिघांनी लिहिलं, की पुस्तक येण्याची शक्यता वाढते!

आणि हे वाचणाऱ्यांत तो मुलगा किंवा ती मुलगी तूच असशील, तर हे तुझ्यासाठी. तुझ्यात काहीही बिघडलेलं नाही. ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे, त्याच्याशी बोल. कुणीच दिसत नसेल आणि फार एकटं वाटत असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन दिवसरात्र चालू असतो. पैसे पडत नाहीत.

बाकीच्यांना या आठवड्याचा गृहपाठ. वर्गात कुणी ते नाव घेतलं, की हसायचं नाही. एवढंच! एकजण हसला नाही तर कुणाला कळतही नाही. पाचजण हसले नाहीत, की नाव घेणारा आपसूक गप्प होतो. करून बघा, आणि काय झालं ते पत्रातून जरूर कळवा हं!