मागल्या दारचा वाफा

घर बांधून गवंडी गेला की मागल्या दारी काय काय राहतं, हे तुम्हांला सांगायला नको. फुटक्या विटा, सिमेंटचे वाळलेले गोळे, फरशीचे तुकडे, खिळे. त्याखाली आमच्या वेल्ह्याचा मुरूम, पहार मारली तर खणकन वाजणारा! "सरळ कोबा करून टाकू," असं ह्यांचं मत.

पण सासूबाई नुकत्याच शेत धाकट्या भाऊजींवर सोपवून आमच्याकडे आल्या होत्या. जन्म मातीत गेलेला. आता दिवसभर खिडकीशी बसून तोरण्याकडे बघत राहायच्या. माझ्यानं ते पाहवेना. बागकामाचा माझा अनुभव म्हणाल तर कुंडीतली तुळस, एवढाच!

पहिलं वर्ष फुकट गेलं. मुरमात दोन-दोन फूट खड्डे घेतले, विकतची माती भरून वांगी-मिरची लावली. इथला जुलैचा पाऊस! खड्ड्यांचे हौद झाले आणि रोपं मुळाशी कुजली. घराच्या भिंतीकडेची वाचली, पण त्यांची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, सिमेंट-चुन्यानं माती अल्कधर्मी होते, मग लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही. घरी पाहायचं तर सुक्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका; फसफसलं तर चुना आहे समजा.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, डोंगरात आम्ही दगड फेकत नाही, त्याची ताल घालतो."

मग दुसऱ्या वर्षी एप्रिलातच कामाला लागलो. पायांत जाड तळाचे बूट आणि हातांत जाड मोजे हवेतच, काच कुठं लपलेली असेल सांगता येत नाही. वाळू चाळायच्या जाळीतून माती चाळली. सिमेंट, गिलावा, काचा बाहेर. दगड मात्र सगळे ठेवले. त्यांची दीड फूट उंच कड रचली, मध्ये सिमेंट न घालता, म्हणजे फटींतून पाणी निघून जातं. वाफा तीनच फूट रुंद, दोन्ही बाजूंनी हात पोचावा म्हणून. तळ पहारीनं सैल केला, वर वीतभर पालापाचोळा, मग दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं भाताचं तूस, या हिशेबानं भरत गेलो. ताजं शेण घालू नका, हुमणी होते.

पावसाळ्यात दोडका आणि घेवडा लावला, वेलांना मांडव केला. दसऱ्यानंतर मेथी, पालक. मुळ्याची घाई मी केली. खाली खडे राहिलेले, त्यामुळे मुळे निघाले दोन-दोन पायांचे! मुलांची करमणूक झाली, भाजी मात्र पाल्याचीच केली.

परवा हे विचारत होते, उरलेल्या जागेत कोबा कधी घालायचा? सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी पाहते तो तिथं दगडांची दुसरी ओळ मांडलेली.