‘ऑथोराइज्ड टू वर्क’ : यस की नो?

मागच्या आठवड्यात रामटेकहून एका ज्युनिअरचा फोन आला. “दादा, अमेरिकन कंपनीचा फॉर्म भरून राहिलो. विचारते, ‘लीगली ऑथोराइज्ड टू वर्क’ आहेस का? ‘नो’ केलं की फॉर्म तिथंच मरते म्हणतात. ‘यस’ करून टाकू का?”

थांब म्हटलं. काम कुठं बसून करायचंय, ते आधी बघ.

कारण हा प्रश्न नागरिकत्वाचा नाहीच. ज्या देशात बसून काम करणार, तिथली परवानगी आहे का, एवढंच तो विचारतो. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असलेला माणूस बिनधास्त ‘यस’ करतो. तिकडे शिकून ओपीटीवर असलेल्याचंही ‘यस’, पण पुढे स्पॉन्सरशिप लागेल का, या दुसऱ्या प्रश्नालाही बहुतेक ‘यस’च. तुम्ही रामटेकमध्ये आणि नोकरी तिकडच्या ऑफिसात असेल, तर पहिल्याला ‘नो’, दुसऱ्याला ‘यस’. आणि रामटेकमध्येच बसून फ्रीलान्स काम असेल, तर अमेरिकेच्या परवानगीचा संबंध येत नाही. रिक्रूटरला सरळ लिहा, मी भारतातून काम करणार. अशा कामात नंतर डब्ल्यू-८ बेन नावाचा टॅक्सचा फॉर्म येतो. त्यात मात्र नागरिकत्वाचा देश लिहावाच लागतो.

फॉर्म ‘मरतो’ हे खरंय. सॉफ्टवेअर या दोन उत्तरांवरच चाळणी लावतं. एच-१बी वर्षाला ८५,००० (त्यातले २०,००० अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढे शिकलेल्यांसाठी), म्हणजे निवड होईलच याची खात्री नाही. त्यात १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले. आदेश १२ महिन्यांचा होता, पण फ्रेशरसाठी एवढा खर्च कोण करणार?

म्हणून खोटं ‘यस’ करायचा मोह होतो. पण रुजू झाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला आय-९ फॉर्मसाठी तुमचे कागद बघावेच लागतात. तिथे कुणी ‘मी अमेरिकन नागरिक’ असं खोटं लिहिलं, तर अमेरिकेचं दार जवळपास कायमचं बंद. एका टिकमार्कसाठी फार महाग सौदा.

रिझ्युमेवर ‘नॅशनॅलिटी : इंडियन’ लिहायची सवय जुन्या बायोडेटातून आलीय, वडिलांचं नाव आणि धर्माच्या शेजारी. अमेरिकन अर्जासाठी ती ओळ काढून टाका. दुबईकडे राष्ट्रीयत्व सर्रास विचारतात, तिथे लिहा. आधार नंबर मात्र कुठल्याच रिझ्युमेवर नको. तसंही आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. राज्य सरकारच्या भरतीत लागतो तो दाखला वेगळा, ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ नावाचा, ‘आपले सरकार’वरून काढतात.

आणि नागरिकत्व वेगळं, पात्रता वेगळी, हे आपल्याकडेही आहे बरं का. केंद्राच्या भरतीची जाहिरात नीट वाचा : नेपाळ, भूतानचे प्रजाजन आणि १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेले तिबेटी निर्वासितही बऱ्याच पदांना चालतात, या सगळ्यांना फक्त सरकारचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. आयएएस, आयपीएसला मात्र भारतीय नागरिकच हवा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेट्यांची वसाहत आहे, तिथल्या पोरांना हे कलम आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल.

ज्युनिअरच्या जाहिरातीत शेवटी बारीक अक्षरात होतं, ऑस्टिनच्या ऑफिसात हजेरी आवश्यक. त्यानं ‘नो’ केलं. दहा मिनिटांत रिजेक्शनचा मेल आला. आता त्याच कंपनीच्या पुण्याच्या टीमसाठी अर्ज भरतोय, तिथे त्याचं ‘यस’ खरं आहे.